अर्धा वर्ग पाठमोरा

वर्गाचे दोन भाग करायचे. निम्मी मुलं पडद्याकडे तोंड करून, निम्मी पाठ करून. आधी आवाज पूर्ण बंद ठेवून दृश्य लावायचं. ते फक्त समोर तोंड असलेल्यांना दिसतं. मग त्यांना व्हरांड्यात पाठवायचं आणि तेच दृश्य पुन्हा लावायचं, या खेपेला आवाजासकट. आत उरलेली मुलं भिंतीकडे बघत नुसती ऐकतात.

दृश्य 'पथेर पांचाली'मधलं, 1955 सालचं. हरिहर कित्येक महिन्यांनी गावी परतलाय. वादळाने घराची दैना झाली आहे आणि मुलगी दुर्गा आता या जगात नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला, सर्वजयाला, दाखवतो. पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर, शेवटी दुर्गासाठी घेतलेली साडी. ती साडी हातात येते आणि इतका वेळ दगडासारखी उभी असलेली सर्वजया कोसळते.

मग दोन्ही गट समोरासमोर बसवायचे आणि एकच विचारायचं: ती कशी रडली?

चित्र बघितलेली मुलं ठामपणे सांगतात की तिने हंबरडा फोडला. आवाज बंद होता हे लक्षात आणून दिलं तरी त्यांना तो ऐकू आल्यासारखा वाटत असतो. आवाज ऐकलेली मुलं बुचकळ्यात पडतात. रडणं? कुणी रडलंच नाही. काहीतरी वाद्य वाजत होतं, खूप वरच्या पट्टीत. कुणी सनई म्हणतं, कुणी व्हायोलिन.

दोघंही खरं सांगत असतात. सर्वजयाचं काम करणाऱ्या करुणा बॅनर्जी त्या दृश्यात आक्रोश करतात, पण दिग्दर्शक सत्यजित राय यांनी तो आवाज काढून टाकला आणि त्या जागी दक्षिणामोहन टागोरांची तारशहनाई ठेवली. हे गजाने वाजवायचं वाद्य, इसराजच्या कुळातलं, आवाज मोठा यावा म्हणून कर्णा जोडलेलं; म्हणून तर मुलांना ते सनईही वाटतं आणि व्हायोलिनही. संगीत रविशंकरांचं. आईचं तोंड उघडतं आणि त्यातून वाद्याचा सूर येतो. अख्खा सिनेमा पाचदा बघितलेल्या मोठ्या माणसांनाही ही गोष्ट सांगावी लागते. अर्ध्या वर्गाला अर्धं दृश्य दिलं की नववीतली मुलं ती आपणहून शोधून काढतात.

चित्र आणि ध्वनी वेगळे करून बघण्याची ही रीत मिशेल शियों या फ्रेंच संगीतकार-अभ्यासकाने आपल्या 1990च्या पुस्तकात मांडली. त्याचा मुद्दा साधा आहे: दोन्ही एकत्र आले की कान डोळ्यांना फसवतात आणि डोळे कानांना, म्हणून आधी एकाला झाकून ठेवा. शियोंच्या पद्धतीत एकच माणूस दोन्ही गोष्टी पाळीपाळीने करू शकतो. वर्गात मात्र ती दोन गटांत वाटता येते, आणि माझ्या मते खरी गंमत या वाटणीत आहे. कारण आता 'अ' गटाला जे माहीत आहे ते 'ब' गटाला माहीत नाही. बोलल्यावाचून गत्यंतर नाही.

नाहीतर वर्गातलं गटकार्य म्हणजे काय असतं, ते आपण सगळ्यांनी भोगलंय. सहा जणांचा गट, एक हुशार मुलगी लिहितेय, दोघं तिच्या वहीत डोकावताहेत, एक जण खिडकीबाहेर बघतोय आणि उरलेले दोघं डबा कधी उघडायचा याची कुजबुज करताहेत. शेवटी सहा जणांना सारखेच गुण. यात मुलांचा दोष फारसा नाही. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली होती. एकट्याने ओढताना माणूस जेवढा जोर लावतो, तेवढा गटात लावत नाही. आठ जणांनी मिळून ओढलं तर प्रत्येकाचा वाटा जवळपास निम्म्यावर येत होता. त्याचे हे आकडे छापले गेले 1913 साली, म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला त्याच वर्षी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, पण वर्गात सिनेमा दाखवून 'आता गटात चर्चा करा' म्हणणाऱ्या शिक्षकाने दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

दोर एकच असला की जोर कमी लागतो. प्रत्येकाच्या हातात वेगळा दोर दिला तर?

एलियट अॅरन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1971मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात नेमकं हेच केलं. शाळांमधलं वर्णानुसार केलेलं विभाजन मोडलं जात होतं; काळी, गोरी आणि हिस्पॅनिक मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि वर्गात तणाव होता. अॅरन्सनने धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. ज्याला आपण काल हिणवत होतो त्याच्याकडे आज आपल्याला हवा असलेला तुकडा आहे, म्हटल्यावर त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्यावंच लागतं. कोड्याचे तुकडे जुळवण्याच्या खेळावरून या पद्धतीला 'जिगसॉ' म्हणतात.

चित्रपटातलं दृश्य या पद्धतीसाठी जणू मुद्दाम बनवलेलं असतं, कारण ते तुकड्यांचंच असतं. कॅमेरा कुठे ठेवला, प्रकाश कुठून आला, कट कुठे मारला, काय ऐकू आलं, नट कुठे उभा राहिला आणि हातांचं काय केलं, ही पाच वेगवेगळ्या माणसांची कामं आहेत. पडद्यावर ती एकजीव होतात. आपण त्यांना वर्गात पुन्हा सुटं करायचं.

पंचेचाळीस मुलांच्या वर्गात हे असं जमतं. पाच-पाच जणांचे नऊ गट. गटातल्या प्रत्येकाला एकेक काम वाटून द्यायचं: चौकट, प्रकाश आणि रंग, कट, ध्वनी, देहबोली. दृश्य एकदा सगळ्यांनी काहीही न लिहिता बघायचं (चित्र-आवाज झाकण्याचा खेळ असेल तर अर्थातच हे नाही). मग सगळे 'कट'वाले एका कोपऱ्यात, सगळे 'ध्वनी'वाले दुसऱ्या कोपऱ्यात जमतात, आणि दृश्य पुन्हा दोनदा लागतं. कोपऱ्यात आपसांत पडताळा करून झाला की जो तो आपापल्या मूळ गटात परततो, हातात आपला तुकडा घेऊन. एका कोपऱ्यात नऊ मुलं म्हणजे थोडा गोंगाट होतो, होऊ द्यावा. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हे बसत नाही, दोन सलग तासिका लागतात. दृश्य मात्र चार मिनिटांहून मोठं नको. शिक्षकांची हमखास होणारी चूक म्हणजे दृश्य फार लांब निवडणं. दहा मिनिटांचं दृश्य म्हणजे गोष्ट झाली, आणि गोष्ट आली की मुलं गोष्टच सांगत बसतात.

'कट'वाल्यांचं काम सगळ्यांत सोपं वाटतं आणि सगळ्यांत अवघड निघतं. नियम एवढाच: कट आला की बाकावर टिचकी वाजवायची. पहिल्या खेपेला टिचक्या कधीच एकत्र पडत नाहीत, काही कट तर बिनटिचकीचे निघून जातात. मुलं ओशाळतात, पण ओशाळायचं कारण नाही. टिम स्मिथ आणि जॉन हेंडरसन या संशोधकांनी 2008मध्ये लोकांना नेमकं हेच काम दिलं होतं, कट दिसला की बटण दाबा. एका शॉटमध्ये सुरू झालेली हालचाल पुढच्या शॉटमध्ये पूर्ण होते तिथले सुमारे एक तृतीयांश कट लोकांच्या हातून निसटले. शोधत असतानाही! माणूस दार उघडायला हात पुढे करतो, कट, दार उघडतं. आपलं लक्ष दाराकडे असतं, शिवण दिसत नाही. शिंप्याचं कसब ते हेच.

तयारीचा खेळ म्हणून कुलेशोव्हचा प्रयोगही वर्गात करून बघावा. लेव कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने क्रांतीनंतरच्या दिवसांत मोजुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा तीन वेगवेगळ्या शॉट्सना जोडला, असं सांगतात. सूपची वाटी, शवपेटी, एक तरुणी. बघणाऱ्यांनी नटाच्या अभिनयाची तारीफ केली: काय भूक, काय दुःख, काय अभिलाषा. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही आणि सांगणाऱ्यांच्या तपशिलांतही फरक आहे. वर्गात एवढं पुरे: एका मुलाचा मोबाइलवर साधा फोटो काढायचा, हसायचं नाही, रडायचं नाही. एका गटाला त्याच्यापाठोपाठ वडापावचा फोटो दाखवायचा, दुसऱ्याला हार घातलेली तसबीर, तिसऱ्याला रांगणारं बाळ. प्रत्येकाने चेहऱ्याबद्दल एक शब्द लिहायचा, मग तिन्ही गटांचे शब्द फळ्यावर. बहुतेक वेळा हशा पिकतो. कधी कधी काहीच होत नाही, तिन्ही गट 'कंटाळलेला' असं लिहून मोकळे होतात. तेही सांगण्यासारखं आहे, कारण 1992मध्ये दोन अमेरिकन अभ्यासकांनी हा प्रयोग नीट रचून करून बघितला तेव्हा त्यांनाही अपेक्षित परिणाम मिळाला नव्हता. पुस्तकात छापलेला प्रयोग आपल्या वर्गात फसला तर मुलांवर खापर फोडू नये.

निर्विकार चेहऱ्याच्या नेमकं उलट काही दाखवायचं असेल तर फाळक्यांचा 1919चा 'कालिया मर्दन' आहे. त्याच्या सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. कटाची मदत नाही, सगळं काम चेहऱ्याचं. रशियात चेहरा कोरा ठेवून कटाकडून काम करून घेणं चाललं होतं, त्याच सुमारास इकडे एक लहान मुलगी चेहऱ्यानेच सगळं करत होती. दोन्ही एकाच तासाला दाखवून बघा.

दृश्य थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुन्हा वाचायचं असतं ही सवय आपल्याकडे रुजली ती पुण्यात. प्रभात स्टुडिओच्या आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, 1964मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. सतीश बहादूर तिथे चित्रपट रसास्वाद शिकवत. 'पथेर पांचाली' ते दृश्यादृश्याने उलगडून दाखवत आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्यांनी तो वारसा पुढे कितीतरी फिल्म सोसायट्यांत नेला. त्या काळी यासाठी रीळ हवं, ते थांबवता येईल असं यंत्र हवं. आज शिपाईमामांच्या मोबाइलवरही सिनेमा मागे-पुढे करता येतो. कायद्याचीही आडकाठी नाही: शाळेत, शाळेच्या कामाचा भाग म्हणून, फक्त शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांसमोर चित्रपट दाखवायला कॉपीराइट कायद्याचं कलम 52 मुभा देतं. प्रत मात्र सरळ मार्गाने मिळवलेली असावी, आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र आधी वाचावं.

अडचण दुसरीच आहे. आपल्याकडे मुलांना तात्पर्याची सवय लागलेली असते. कवितेच्या रसग्रहणात मध्यवर्ती कल्पना, धड्याखाली 'यावरून आपण काय शिकलो'. सिनेमा दाखवला की दुसऱ्या मिनिटाला उत्तर तयार: 'दिग्दर्शकाला यातून असा संदेश द्यायचा आहे की...' मी पहिली वीस मिनिटं या वाक्यावर बंदी घालते. 'दिग्दर्शक' हा शब्दच उच्चारायचा नाही. जे दिसलं, जे ऐकू आलं, तेवढंच. 'ती दुःखी आहे' हे चालत नाही. 'तिने साडी दोन्ही हातांनी धरली आणि तोंडाशी नेली' हे चालतं. सुरुवातीला मुलांना हे पोरकट वाटतं. मग कळतं की एवढंही आपण बघितलेलं नव्हतं.

मराठीत या कामासाठी सगळ्यांत सकस दृश्य मला वाटतं ते नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तलं राष्ट्रगीताचं. या सिनेमाचं नाव निघालं की लोक शेवटच्या शॉटबद्दल बोलतात: नायक जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. पण त्या शॉटवर इतकं बोलून झालंय की मुलं यूट्यूबवरचं उत्तर वर्गात आणतात, 'दगड आपल्यावर मारला आहे', आणि चर्चा तिथेच संपते. उत्तर बरोबर आहे. म्हणून तर ते दृश्य गटकार्याला निरुपयोगी.

राष्ट्रगीताचं दृश्य वेगळं. जब्याचं कैकाडी कुटुंब गावातलं डुक्कर पकडायला उतरलंय, जवळच शाळा आहे, गावकरी गंमत बघताहेत, आणि शाळेतली मित्रमंडळी आपल्याला या अवतारात बघतील या भीतीने जब्याचा जीव टांगणीला लागलाय. डुक्कर आता हाती लागणार, तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर निघून जातं.

हे दृश्य आवाज बंद करून बघितलं तर निव्वळ वेडेपणा वाटतो. धावणारी माणसं एकाएकी पुतळे का झाली? चित्रगट तर्क लढवतो: कुणीतरी मोठा माणूस आला, साप दिसला, दमले. ध्वनिगटाला उलट सगळं ओळखीचं वाटतं: आधी आरडाओरडा, मग राष्ट्रगीत, म्हणजे शाळा भरली, त्यात विशेष काय? दोन गट एकत्र बसेपर्यंत कुणालाच हसू येत नाही आणि कुणाला चटकाही बसत नाही. दोन्ही एकदम होतं ते तुकडे जुळल्यावर.

'चौकट'वाल्यांना इथे विचारावं, शाळा आणि कुटुंब एका चौकटीत येतात का, की त्यांना जोडायला कट लागतो? देहबोलीवाल्यांना: कुणाचे डोळे डुकराकडे आहेत? आणि कुणाच्या तरी मनगटावर घड्याळ असतंच. त्याला मोजायला लावावं. राष्ट्रगीताची अधिकृत लांबी सुमारे 52 सेकंद आहे. सिनेमातलं राष्ट्रगीत तेवढं चालतं का? ताणलंय की आवळलंय? मुलं रोज सकाळी परिपाठाला तेवढाच वेळ उभी असतात, त्यामुळे त्या सेकंदांची लांबी त्यांच्या पायांना माहीत असते.

दृश्य लागल्यावर काही मुलं बाकांवरून उठतात, काही उठलेल्यांकडे बघतात, एखादा माझ्याकडे बघतो. चित्रपटाचा भाग म्हणून राष्ट्रगीत वाजलं तर उभं राहायची सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्ये स्पष्ट केलं आहे. मी ते लगेच सांगत नाही. त्या चुळबुळीची नोंद देहबोलीच्या गटाने करावी. पडद्यावर जे चाललंय तेच वर्गातही चाललंय.

एक सावधगिरी मात्र हवी. वर्गात जब्याच्या घरासारख्या घरातून आलेला मुलगा असू शकतो. बऱ्याचदा असतोच, आणि बऱ्याचदा शिक्षकाला ते ठाऊक नसतं. 'तू सांग, तुमच्याकडे असं असतं का?' हा प्रश्न कितीही प्रेमाने विचारला तरी तो त्या मुलाला गटातून उचलून पडद्यावर नेऊन उभा करतो, जिथे जब्या उभा राहायला तयार नव्हता. इथे कामांची वाटणी उपयोगी पडते. त्या मुलाला 'कट' मिळालेला असतो, तो टिचक्या वाजवतो, आकडे सांगतो. बोलायचं असेल तर बोलतो, नसेल तर त्याला त्याच्या कामाचा आडोसा आहे. उलट ज्यांना या जगातलं काहीच माहीत नाही त्यांनाही 'किती वाईट ना' म्हणून सुटका करून घेता येत नाही. त्यांच्याकडे ध्वनी आहे. त्यांना आधी सांगावं लागतं की हसणाऱ्या गावकऱ्यांचे आवाज नेमके कधी थांबले.

शेवटी गटाने काय द्यायचं? निबंध नको. एक मोठा कागद, वर आडवी रेघ म्हणजे वेळ, आणि तिच्याखाली पाच ओळी, प्रत्येकाची एक. कुठल्या सेकंदाला काय झालं ते ज्याने त्याने आपल्या ओळीत लिहायचं. कागद भरत आला की दिसतं, पाचही ओळींत एकाच उभ्या पट्टीत गर्दी झालीय. तिथे कट आहे, तिथेच आवाज बदललाय, तिथेच मान वळलीय. आता बंदी उठवायची. आता 'दिग्दर्शक' म्हणा आणि 'का' विचारा.

हा कागद कधी कधी रिकामाही राहतो. 2014च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या, चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये उन्हाळी सुट्टीआधीचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि कॅमेरा त्या रिकाम्या, अंधाऱ्या खोलीत तसाच थांबतो. सिनेमा संपला असं वाटून थिएटरात लोक उठू लागतात. तो संपलेला नसतो. हे दृश्य अकरावीच्या वर्गाला दिलं तेव्हा कटवाल्यांना एकही टिचकी वाजवायला मिळाली नाही आणि ते माझ्यावर चिडले. घड्याळवाल्या तिघांनी अंधाराचे सेकंद मोजले, तिघांचे आकडे वेगळे आले. पुन्हा लावलं, पुन्हा वेगळे. एकाने शेवटचा दिवा गेल्यापासून मोजलं होतं, दुसऱ्याने माणसांची शेवटची चाहूल विरल्यापासून. तिसरी म्हणाली, खोली रिकामी झाली तेव्हाच अंधार सुरू झाला, दिव्यांचा काय संबंध? घंटा झाली, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले, आणि ते तिघं अजून पहिल्या सेकंदावरच अडून बसले होते.